नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

गेल्या सत्राच्या उत्तरपत्रिका तपासताना 'ग्रामीण कर्जपुरवठा' या प्रश्नाचे एक उत्तर वाचनात आले. उत्तर एरवी चांगले होते. प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्था, जिल्हा सहकारी बँक, २०१४ चा सावकारी नियमनाचा कायदा, सारे त्या विद्यार्थ्याने नीट मांडले होते. मात्र खासगी सावकाराचे वर्णन करताना त्याने 'ज्यू वृत्तीचा' असा शब्द योजला होता. त्याला बोलावून विचारले, तू कधी ज्यू माणूस पाहिला आहेस काय? नाही. तुझ्या वडिलांनी? नाही. तुमच्या गावचा सावकार ज्यू होता काय? यावर तो हसला. मग हा शब्द कोठून आणलास, असे विचारता तो म्हणाला, "सर, चिक्कू माणसाला तसं म्हणतात ना?"

प्रस्तुत लेखकाला त्या मुलाचा राग आला नाही. हा शब्द त्याने घडविलेला नाही. तो त्याला आपणच दिलेला आहे. शिक्षकांच्या व्याख्यानांतून, वृत्तपत्रांच्या स्तंभांतून, नाटका-चित्रपटांच्या संवादांतून तो त्याच्यापर्यंत पोचला. मराठीत बारशाला नाव ठेवतात आणि चावडीवर नावे ठेवतात. या दोहोंत व्याकरणाच्या दृष्टीने फक्त एकवचन-अनेकवचनाचे अंतर आहे. परंतु एखाद्या लहान समाजाच्या बाबतीत ते अंतर त्याच्या साऱ्या प्रतिष्ठेचे असते.

बुलढाणा जिल्ह्यात ज्यूंची वस्ती नाही, त्यांचे प्रार्थनामंदिर नाही. खामगावच्या कापूस बाजारात किंवा मलकापूरच्या पेठेत कोणाला ज्यू शेजारी लाभण्याचा संभव नाही. ज्यांचा शेजार आहे त्यांच्याविषयीचा वाईट शब्द रोजच्या व्यवहाराने खोटा ठरू शकतो. ज्यांचा शेजार नाही त्यांच्याविषयी जो शब्द रूढ होतो, त्याला प्रतिवाद करणारा कोणी नसतो. म्हणूनच हा विषय मुंबई-पुण्यापेक्षा आपल्यासारख्या जिल्ह्यांना अधिक लागू आहे.

शनिवार तेली

वस्तुतः मराठी भाषेने आपल्या ज्यूंना फार पूर्वीच स्वतःचे नाव दिले होते. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्याच्या किनाऱ्यावर नौगावजवळ जहाज फुटून काही कुटुंबे वाचली, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. ती कोकणातील गावोगाव पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली आणि त्या त्या गावावरून पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर, अष्टमकर, चेऊलकर अशी आडनावे त्यांना मिळाली. आठवड्यातून एक दिवस, शनिवारी, त्यांचा घाणा बंद असे. शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिले 'शनिवार तेली'.

हे नाव बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्यात व्यवसाय आहे आणि व्रत आहे. निंदा मात्र नाही. जातिव्यवस्थेच्या चौकटीने त्यांना खालची पायरी दिली हे खरे, पण त्यांच्या धर्माचा जो भाग शेजाऱ्यांच्या डोळ्यांना दिसत होता, तोच त्यांनी नावात घातला. शनिवारी तेल विकत आणू नये हा संकेत आपल्याही घरांत आहे. तेव्हा शनिवारी घाणा न चालविणारा तेली कोकणातल्या माणसाला फारसा विचित्र वाटला नसावा, असे मानायला हरकत नाही. वऱ्हाडातल्या वाचकाला तर तेली समाजाची ओळख करून देण्याची गरज नाही. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे त्याच व्यवसायातले.

यात अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट नोंदवून ठेवावी. महाराष्ट्रातला जुना ज्यू सावकार नव्हता. तो तेल गाळणारा आणि शेती करणारा होता. पुढे तो कंपनी सरकारच्या पलटणीत शिपाई झाला, नंतर कचेरीत कारकून, रेल्वेत नोकर, शाळेत मास्तर, इस्पितळात परिचारिका. १८३२ मध्ये मुंबईस आलेले डेव्हिड ससून आणि त्यांचे बगदादी घराणे हे निराळे. त्यांचा कापसाचा व अफूचा व्यापार मोठा, आणि दानधर्मही मोठा. 'ज्यू' या एका इंग्रजी शब्दात बगदादचा व्यापारी आणि रेवदंड्याचा तेली दोघेही कोंबले गेले, आणि श्रीमंताची प्रतिमा गरिबाच्या माथी बसली.

एका नावाची सावधगिरी

या समाजाने स्वतःसाठी जे नाव राखले त्यामागेही धार्मिक भावनांचा मोठा विचार आहे. 'यहुदी' हे नाव त्यांनी पुढे केले नाही. 'बेने इस्राएल', म्हणजे इस्राएलाची लेकरे, असे म्हणविले. याचे एक कारण असे सांगितले जाते की, मुसलमानी सत्तेच्या व शेजाराच्या काळात 'यहुदी' या शब्दाला कटुता चिकटलेली होती, तर 'बनी इस्राईल' हा शब्द कुराणातला असल्याने परिचयाचा व आदराचा होता. कुराणाच्या सतराव्या अध्यायाचे एक नावच 'बनी इस्राईल' असे आहे. आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही मौलवींना हे ठाऊक असते.

या समाजात सामाजी हसाजी दिवेकर यांची कथा सांगतात. ते कंपनीच्या फौजेत होते आणि म्हैसूरच्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. तुम्ही कोण, असे विचारल्यावर त्यांनी 'बेने इस्राएल' असे उत्तर दिले. तेव्हा टिपूच्या आईने, ज्यांचे नाव ग्रंथात वाचले ते लोक प्रथमच पाहावयास मिळाले असे म्हणून त्यांना जीवदान देववले. कथेचा तपशील परंपरेचा आहे. पण समाजाने ती दोनशे वर्षे सांभाळून ठेवली, यातच तिचा अर्थ आहे. शब्द नीट निवडला तर प्राण वाचतो, हा अनुभव ज्याला आहे त्याने शब्दांविषयी हळवे असणे स्वाभाविक नाही काय?

याच सामाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात पहिले प्रार्थनामंदिर बांधले. लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणू लागले, आणि मध्य रेल्वेच्या मशीद स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे मानले जाते. ससूनांच्या देणगीतून पुण्यात उभे राहिलेले, १८६७ मध्ये पूर्ण झालेले मंदिर तांबड्या विटांचे. त्याला पुणेकर 'लाल देऊळ' म्हणतात. एकाच धर्माचे प्रार्थनास्थान एका शहरात मशीद आणि दुसऱ्यात देऊळ! आज कोणी म्हणेल की ही अज्ञानातून झालेली गल्लत आहे. आम्हाला ती सामान्य माणसाची समजूत वाटते. जेथे देवाचे नाव घेतले जाते त्या जागेला आपल्याजवळ असलेला आदराचा शब्द त्याने देऊन टाकला. या नावांनी त्या समाजाची विटंबना झाली, अशी तक्रार त्याने केल्याचे ऐकिवात नाही.

दारे उघडी असलेली प्रार्थना

धर्मभाषेविषयीचा ज्यूंचा संकोच प्रसिद्ध आहे. ईश्वराचे चार अक्षरी नाव ते उच्चारीत नाहीत. वाचताना त्या जागी 'अदोनाय', म्हणजे प्रभू, असे म्हणतात. पतीचे नाव न घेणाऱ्या आपल्या आज्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा संकोच समजावून सांगावा लागू नये. परंतु युरोपात या अनोळखी हिब्रू भाषेमुळेच संशय वाढला. पॅरिसमध्ये १२४२ मध्ये तालमुद ग्रंथाच्या हस्तलिखितांच्या गाड्याच्या गाड्या जाळण्यात आल्या. प्रशियाच्या राजाने १७०३ मध्ये हुकूम काढून एका नित्य प्रार्थनेतील एक ओळ म्हणण्यास बंदी केली, कारण ती ख्रिस्ती धर्माची निंदा करणारी आहे असा आरोप होता. ओळ म्हटली जात नाही ना, हे पाहण्यासाठी प्रार्थनामंदिरात निरीक्षक बसविले गेले. न कळणाऱ्या भाषेत हे लोक आपल्याविरुद्ध काहीतरी पुटपुटतात, ही समजूत एकदा बसली की तिला पुराव्याची गरज उरत नाही.

महाराष्ट्रात असे घडले नाही. त्याचे एक कारण असे की, येथील ज्यूंची प्रार्थना मराठीत आली. शतकानुशतके एकटे राहिल्यामुळे हिब्रू ते जवळजवळ विसरले होते. 'शमा' हे श्रद्धेचे वचन तेवढे मुखात राहिले होते. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८३२ मध्ये त्यांच्यासाठी हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीत छापली. धर्मांतराची आशा मनात धरून दिलेले हे पुस्तक उलट त्यांना त्यांच्याच धर्माकडे घेऊन गेले. १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडण सणाची पोथी, हग्गादा, मराठी भाषांतरासह निघाली. पुण्याच्या पोथीतील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका आपल्याच लुगड्यांत आहेत. डेव्हिड ससून यांच्या संस्थेच्या शाळेत चाळीस वर्षे मुख्याध्यापक असलेले जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनाग्रंथ एकामागून एक मराठीत आणले. एका मास्तराने आपल्या समाजासाठी केवढे काम करावे याचे हे उदाहरण आहे. १८८० च्या सुमारास तर या समाजाने कीर्तनच उचलले, आणि मोशे व योसेफ यांची आख्याने आपल्या हरदासी घाटात रंगू लागली.

ज्याची प्रार्थना शेजाऱ्याला ऐकू येते आणि समजते, त्याच्याविषयी कुजबूज कशी करणार? बेने इस्राएल समाजाची महाराष्ट्रातली प्रतिमा कोणत्याही कायद्याने किंवा प्रचाराने घडली नाही. ती या उघड्या दारांनी घडली. १९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्राएल इस्रायलला निघून गेले. तेथेही त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

गंमत अशी की, या समाजाच्या ज्यूपणाविषयी शंका घेतली ती मराठी शेजाऱ्यांनी नव्हे, तर धर्मबंधूंनी. इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने १९६२ मध्ये बेने इस्राएलांचे विवाह नोंदविण्यापूर्वी पूर्वजांची चौकशी करण्याच्या सूचना दिल्या. त्याविरुद्ध मोठे आंदोलन झाले. १९६४ मध्ये तेथील संसदेने त्यांच्या बरोबरीचा पुरस्कार केला आणि धर्मपीठाला आपल्या सूचनांतून या समाजाचे नाव गाळावे लागले. लढा पुन्हा एका शब्दाचाच होता. खुद्द या समाजातही पूर्वी 'गोरे' आणि 'काळे' असे भेद होते, हेही येथे सांगितले पाहिजे. नावे ठेवण्याचा दोष कोणा एकाच्या वाट्याला आलेला नाही.

उसने शब्द

आता त्या उत्तरपत्रिकेकडे परत येऊ. 'ज्यू म्हणजे निर्दय सावकार' ही प्रतिमा आपल्या मातीतली नाही. ती शेक्सपिअरच्या शायलॉकबरोबर इंग्रजी शिक्षणातून आली. सावकारीवरील मराठी लेखांत 'शायलॉक' हा शब्द आजही सहज येतो. आता असे पाहा की, इंग्लंडच्या राजाने १२९० मध्ये सर्व ज्यूंना हाकलून दिले होते आणि त्यांना पुन्हा वस्तीची मुभा मिळू लागली ती १६५६ मध्ये. शेक्सपिअरने हे नाटक लिहिले ते सोळाव्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे ज्या देशात उघडपणे राहणारा ज्यू समाजच नव्हता, त्या देशात हे पात्र जन्मले. आपल्या जिल्ह्याची स्थिती तशीच नाही काय?

मध्ययुगीन युरोपात ज्यू सावकारीकडे वळले त्याची कारणे आर्थिक होती. चर्चने ख्रिस्ती माणसाला व्याज घेण्याची मनाई केली होती. जमीन आणि कारागिरांचे संघ बहुतेक ठिकाणी ज्यूंना बंद होते. राजांना मात्र कर्ज हवे असे आणि सावकारावर कर बसवून नफ्याचा वाटाही हवा असे. जो एकच दरवाजा उघडा ठेवला, त्यातून माणूस आत आला म्हणून त्याच्या धर्माला दोष देणे हे शास्त्र नव्हे. त्याच्या धर्मभाषेत व्याजाला जो 'नेशेख' शब्द आहे, त्याच्या धातूचा अर्थ 'चावणे' असा आहे. व्याजाचा डंख त्यांच्या भाषेने आपल्याआधी ओळखला होता.

आपल्याकडे १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षक कायदा झाला. त्या सावकारांत ज्यू नव्हते. ते कोणत्या जातीचे होते हे येथे मुद्दाम लिहीत नाही. कारण जातीचे नाव सांगितल्याने व्याजाचा दर कळत नाही, की नापिकीचे वर्षही कळत नाही. वऱ्हाडातला कोरडवाहू कापूस पिकविणारा शेतकरी कर्जात का बुडतो, याची उत्तरे पाऊस, भाव, सिंचन आणि संस्थात्मक पतपुरवठा यांत आहेत. 'शायलॉक' म्हटले की ही उत्तरे शोधण्याचे कष्ट वाचतात. खोटा शब्द परक्या समाजावर जितका अन्याय करतो, तितकाच तो आपल्या शेतकऱ्याच्या प्रश्नावरही करतो.

दुसरा उसना शब्द 'हिटलर'. कडक मुख्याध्यापकाला किंवा शिस्तीच्या साहेबाला आपण कौतुकाने हिटलर म्हणतो. २००६ मध्ये नवी मुंबईत एका उपाहारगृहालाच ते नाव देण्यात आले; ज्यू समाजाने शांतपणे निषेध नोंदविला आणि नाव बदलले गेले. तेव्हा 'एवढे काय त्यात' असे म्हणणारे पुष्कळ भेटले. सुमारे साठ लाख माणसे ज्याच्या राजवटीत ठार झाली, त्याचे नाव पाटीवर पाहून त्या माणसांच्या नातलगांना काय वाटेल, हा प्रश्न केवळ धर्मभावनेचा नाही. साध्या माणुसकीचा आहे.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, ही अतिसंवेदनशीलता झाली. उद्या इस्रायलच्या धोरणावर टीका करणेही अवघड होईल. आमचे मत नेमके उलट आहे. ऑक्टोबर २०२३ नंतरच्या गाझातील युद्धाने जगभर तीव्र मतभेद निर्माण केले, आणि कोणत्याही सरकारच्या कृतीवर बोलण्याचा अधिकार सर्वांना आहे. परंतु इस्रायल हे राज्य, इस्रायली हे त्या राज्याचे नागरिक, ज्यू हा एक धर्मसमाज, आणि बेने इस्राएल हे आपले मराठी बांधव. हे चार शब्द चार निरनिराळ्या गोष्टी सांगतात. ते वेगळे ठेवले तरच टीका नेमकी होते. अलिबागच्या एखाद्या पेणकर आजोबांना परराष्ट्राच्या सेनापतीबद्दल जाब विचारणे हे टीकेचे लक्षण नव्हे.

दुसरा आक्षेप संख्येचा. २०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतातील ज्यू पाच हजारांच्या आतच होते. इतक्या थोड्यांसाठी भाषा बदलावी काय? याला उत्तर असे की, थोड्यांना दिलेला शब्दच बहुसंख्यांच्या स्वभावाचे खरे माप देतो. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक समाज म्हणून मान्यता दिली. त्यापूर्वी अनेक सरकारी नमुन्यांत त्यांना 'इतर' या रकान्यात खूण करावी लागे. दोन हजार वर्षे येथे राहिल्याची परंपरा सांगणारा समाज 'इतर'! कचेरीतल्या आपल्या कारकून मित्रांना एका रकान्याचे वजन किती असते हे सांगण्याची गरज नाही.

शब्दांच्या वापरासाठी नवा कायदा करावा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. दंडाच्या भीतीने जीभ आवरते, पण मनातील प्रतिमा तशीच राहते. जे काम करायचे ते वर्गात, वृत्तपत्राच्या कचेरीत आणि घरच्या बोलण्यात करायचे आहे. सावकाराला सावकार म्हणावे, त्याच्या व्याजाचा दर लिहावा. क्रूर राज्यकर्त्याच्या नावाने शिस्तीचे कौतुक करू नये. आणि ज्या समाजाने स्वतःला जे नाव दिले आहे, त्या नावाने त्याला हाक मारावी.

त्या विद्यार्थ्याचे गुण कापले नाहीत. फक्त तो शब्द खोडून, समासात 'व्याजाचा दर किती?' एवढे लिहिले. पुढच्या तासाला तो स्वतःहून आला आणि आपल्या गावातल्या खासगी कर्जाचे दर वहीत लिहून आणले. दरमहा शेकडा पाच, शेकडा दहा. त्याच्या पहिल्या शब्दात यातले काहीच नव्हते.